दारात धरून बघा

सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि दोन महिन्यांत घर रिकामं करा असं पत्र आलं. मुलुंडच्या आमच्या अडीच खोल्यांत पंचवीस वर्षांत किती पसारा साठलाय ते माळ्यावरून कळलं, आणि मी किती भित्री आहे ते कपाटावरून.

सगळे कपडे काढून पलंगावर टाकले होते. पिस्ता, बदामी, मोतिया, फिका आकाशी, लाइट गुलाबी, आंघोळीच्या साबणाच्या रंगाचे तीन कुडते. साड्यांचंही तेच. नवरा दारातून डोकावून म्हणाला, "हे सगळं एकदम भिजवलं होतंस का? रंग गेलेत सगळ्यांचे." तो थट्टा करत नव्हता, त्याला खरंच तसं वाटलं. ढिगात एकही कपडा असा नव्हता की कुणी लांबून बघून म्हणावं, ती बघ, ती हिरव्या साडीतली. तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक बोचकं होतं, तेवढं सोडून. त्याच्याकडे नंतर येते.

हे रंग आवडतात म्हणून घेतले होते का, असं मी पलंगाच्या कडेला बसून स्वतःला विचारलं. पिस्ता मला खायलासुद्धा फारसा आवडत नाही.

मी सावळी. आमच्या घरात हा शब्द चालत नसे, 'गव्हाळ' म्हणायची पद्धत होती. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर उंची, शिक्षण, रास, गण यांच्या ओळीत 'वर्ण' असा एक रकाना होता. वडिलांनी शाईच्या पेनाने तिथे 'सावळा' असं लिहिलं. आईने त्यावर रेघ मारून वर 'गव्हाळ' लिहिलं आणि फॉर्म तसाच खाडाखोडीसकट गेला. गहू कोणता, लोकवन की खपली, हे मंडळाने विचारलं नाही. खपली म्हटलं असतं तर आई काही खोटं बोलली नव्हती.

तिचे नियम पक्के होते. सावळ्या मुलीने पिवळं घालू नये, काळं घालू नये, जांभळं तर नाहीच. गडद रंगात माणूस आणखी गडद दिसतं, फिक्यात जरा उजळ दिसतं. गिरगावातल्या ज्या दुकानात आमची दिवाळीची खरेदी व्हायची, तिथला विक्रेताही याच मताचा. पांढऱ्या चादरीच्या गादीवर पाय मुडपून बसायचा, एका झटक्यात साडी उलगडून पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकायचा आणि मान तिरकी करून दाखवायचा. एकदा अशीच त्याने एक डाळिंबी साडी खांद्यावर टाकली. मिशीवाल्या त्या माणसाच्या अंगावर ती इतकी खुलली की मी पुढे सरकले. त्याने माझ्या हाताकडे, कोपरापासून मनगटापर्यंत, एकदा नजर टाकली, साडी घडी घातली आणि म्हणाला, "ताईंना लाइटमध्ये दाखवतो." तो माझ्याच रंगाचा होता. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, बहुधा त्याच्याही आलं नसावं.

त्या दुकानात मला कुणी कधी विचारलं नाही की यात तू छान दिसतेस का. प्रश्न एकच असायचा, यात ती उजळ दिसते का. उजळणं आणि खुलणं हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, पण कपड्याच्या दुकानात शिरलं की त्यांचा एकच अर्थ होतो. गोरेपणाची ती प्रसिद्ध क्रीम 1975 साली बाजारात आली आणि 2020 साली तिने नावातला 'फेअर' काढला. नाव बदललं ते ठीक झालं. माझं कपाट मात्र तोवर भरून गेलं होतं.

यातली गंमत अशी की रंगाच्या बाबतीत आईसारखी तिखट नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. ती घरी ब्लाउज शिवायची. चाळीतल्या, शेजारच्या चाळीतल्या, वडिलांच्या ऑफिसातल्या बायकांचे. दर शनिवारी चार-पाच साड्या पिशवीत घालून आम्ही दादरला मॅचिंग सेंटरमध्ये जायचो. ज्यांनी असं दुकान आतून पाहिलेलं नाही त्यांना कसं सांगू. जमिनीपासून छतापर्यंत फडताळं आणि त्यांत टू बाय टू रुबियाचे, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचे गठ्ठे, रंगांच्या क्रमाने लावलेले. नुसत्या लालच्याच तीन ओळी. काउंटरवरचा माणूस साडीचा काठ बोटांत धरायचा, न वळता मागे हात घालून एक गठ्ठा ओढायचा, कापड साडीशेजारी ठेवायचा. आई नुसती मान हलवायची. "यात पिवळी झाक आहे हो, माझ्या साडीत निळी आहे." मला दोन्ही लालच दिसायचे. दुसरा गठ्ठा. "जवळ आलं, पण हा मळकट आहे." तिसरा. मग दोघंही गप्प व्हायची, आणि तो म्हणायचा, "दारात धरून बघा."

आई साडी आणि कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर जायची, रस्त्यावरच्या उजेडात दोन्ही हात उंच करून उभी राहायची. लोक बाजूने वाट काढत जायचे. आत ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर हमखास फुटायचा. याला मेटामेरिझम म्हणतात हे मला फार पुढे कळलं. दोन कापडं वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असली, तर एका दिव्याखाली ती अगदी सारखी दिसू शकतात आणि दिवा बदलला की वेगळी, कारण सूर्याच्या उजेडात जे रंग असतात ते सगळे ट्यूबच्या उजेडात त्याच प्रमाणात नसतात. काउंटरवरच्या माणसाला हे नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याला पायरी माहीत होती.

म्हणजे लालमध्ये निळी झाक असते आणि पिवळी झाक असते, हिरवा पिवळ्याकडे झुकतो किंवा निळ्याकडे, हे ज्ञान आमच्या घरात रोज भाजी-भाकरीसारखं होतं. साडीला झाक, अस्तराला झाक, फॉलच्या दोऱ्याला झाक. मुलगी मात्र एकतर गोरी, नाहीतर सावळी. तिथे विषय संपला.

कातडीलाही झाक असते हे मला लोकलमध्ये कळलं, नवरात्रात.

नवरात्राचे नऊ रंग हे काही पुराणातलं प्रकरण नाही, मराठी वर्तमानपत्रांनी ते मुंबईत रुजवले, तेही गेल्या वीसेक वर्षांत. बराचसा हिशेब वाराचा असतो. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, गुरुवार पिवळा, शनिवार राखाडी. नावं ठेवणारे ठेवतात, पण लेडीज डब्यात रोज दीड-दोन तास काढणाऱ्या बाईला विचारा त्या नऊ दिवसांचं अप्रूप. तर एका गुरुवारी ठाण्याकडून भरून आलेल्या फास्टमध्ये मी शिरले आणि डबाभर पिवळा. मी स्वतः बदामी कुडता घालून गेले होते, त्याच्या काठाला पिवळा धागा होता, म्हणजे पिवळ्यात मोडतं असं मनाशी म्हटलं होतं. उभं राहायला जागा मिळाली ती आडव्या दांडीला धरून, आणि समोर एकाच रंगातल्या पन्नास बायका, सगळ्यांच्या तोंडावर खिडकीतला एकच उजेड. असा प्रयोग कुणाला पैसे देऊन करता यायचा नाही.

पहिली गोष्ट दिसली ती ही की पिवळा एक नव्हताच. लिंबाचा होता, हळदीचा होता, मोहरीचा, आमरसाचा, ताज्या लोण्याचा, एक तर थेट स्कूलबसचा. आमच्या ग्रुपमधली डोंबिवलीची एक, माझ्याहून दोन छटा गडद, मोहरी रंगाची सुती साडी नेसली होती आणि मांडीवर गवार मोडत बसली होती. चेहरा असा नितळ, जशी काही आठ तास झोपून आली आहे. ती पहाटे चारला उठते हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिच्या शेजारची गोरीपान, जिला काहीही शोभतं असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो, ती लिंबू रंगाच्या कुर्तीत. घाटकोपर यायच्या आत तिला दोघींनी विचारलं, "बरं नाही का गं तुला?" ती वैतागली. मग शनिवारी राखाडी आला तेव्हा अख्खा डबाच आजारी दिसला, दोघी-तिघी सोडून. आणि त्या दोघी-तिघीही गोऱ्या होत्या असं नाही. एक चांगली काळीसावळी होती, पण तिच्या कातडीत कुठेतरी निळसर थंडपणा होता, आणि तो राखाडी तिला चांदीसारखा दिसत होता. गवारवालीला तोच राखाडी राखेसारखा दिसत होता. दोघी शेजारी उभ्या केल्या तर सावळेपणात डावं-उजवं करता आलं नसतं.

घरी येऊन वाचलं. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात संख्येने साधारण सारख्याच असतात. त्या मेलॅनिन किती बनवतात, कोणत्या जातीचं बनवतात आणि ते कातडीत कसं पसरतं, तिथे फरक पडतो. एक जात काळी-तपकिरी, दुसरी तांबूस-पिवळी. त्यात खालून रक्ताचा लाल मिसळतो आणि गाजर-भोपळ्यातून येणारा थोडा पिवळाही. मॅचिंग सेंटरवाला याला 'मिक्स आहे, ताई' म्हणाला असता.

घर आवरायला भाची आली होती. तिने काही महिन्यांपूर्वी पैसे भरून स्वतःचं कलर अॅनालिसिस, म्हणजे आपल्या कांतीला कोणते रंग शोभतात याची तपासणी, करून घेतलंय, त्यामुळे ती आता लग्नाच्या हॉलमध्ये शिरली की आधी माणसं वर्गवार लावते. पलंगावरचा ढीग बघून तिने कपाळाला हात लावला. "मावशी, तू डीप ऑटम आहेस. हे सगळं लाइट समर आहे."

"मुंबईत ऑटम कुठून आणू गं? आपल्याकडे पाऊस संपला की थेट ऑक्टोबर हीट."

माणसांना ऋतूंमध्ये वाटण्याची ही पद्धत घरोघरी पोचली ती अमेरिकेतून, 1980 साली आलेल्या आणि धो धो खपलेल्या एका पुस्तकामुळे. अलीकडे कोरियातल्या मुलींनी तिला पुन्हा जोर आणलाय. चार ऋतूंचे पुढे बारा झाले ते बरंच झालं, कारण मूळ हिशेबात काळे केस आणि काळे डोळे असलेले लोक, म्हणजे आपण बहुतेक सगळे, सरसकट 'विंटर'मध्ये ढकलले गेले होते. म्हणजे तिथेही मंडळाचा फॉर्मच, फक्त रकान्याचं नाव गोड.

भाचीच्या घरगुती परीक्षाही माझ्यावर फसल्या. मनगटाच्या शिरा हिरवट दिसल्या तर वॉर्म, म्हणजे पिवळी झाक, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कूल, म्हणजे निळी. माझ्या शिरा रक्त काढणाऱ्या मुलीला टिचक्या मारूनही सापडत नाहीत. दुसरी परीक्षा, सोनं शोभतं की चांदी. आता मराठी बाईच्या गळ्यात सोनं आणि पायात चांदी हे ठरलेलं आहे, शोभण्याचा प्रश्न कुणी विचारतो का? शेवटी ती म्हणाली, "बरं, मग कापडच धरून बघू." त्यावर मात्र माझा विश्वास बसला. हे मी दादरला लहानपणापासून बघितलं होतं, फक्त साडीशेजारी रुबिया असायचा, इथे साडीशेजारी तोंड.

कापड हनुवटीखाली धरल्याने चेहरा कसा काय बदलतो, यामागे दोन गोष्टी आहेत. एक साधी, कापडावरचा उजेड उसळून हनुवटीवर, गालांखाली पडतो आणि सोबत आपला रंग घेऊन येतो. दुसरी जरा फसवी, आणि तिची गोष्ट मला फार आवडते. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा गालिचे आणि भिंतीवर टांगायची चित्रं विणणारा सरकारी कारखाना आहे. मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ 1824 साली तिथल्या रंगाईचा प्रमुख झाला. विणकरांची तक्रार होती की काळं सूत नीट रंगवलेलं नाही, निळ्या-जांभळ्याशेजारी विणलं की ते मरगळतं. शेव्रलने सूत तपासलं, काळ्यात काहीच खोट नव्हती. काळ्याला बिघडवत होता तो शेजार. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांना एकमेकांपासून आणखी दूर ढकलतो. यावर त्याने 1839 साली जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात कोणत्या कांतीला कोणत्या रंगाचं वस्त्र याचीही चर्चा केली. फिकुटलेल्या गोऱ्या चेहऱ्याशेजारी कोवळा हिरवा आला की गालांवर गुलाबी चढल्यासारखं वाटतं, वगैरे. अर्थात त्याच्यासमोर होत्या त्या मुख्यतः पॅरिसच्या बायका.

जुलैतली दुपार होती, पाऊस थांबून आभाळ भरलेलं. असा उजेड रंग बघायला सगळ्यात चांगला, सगळीकडून सारखा येतो आणि सावल्या पाडत नाही. भाचीने मला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, तोंड धुवायला लावलं, टिकली काढायला लावली, केस मागे बांधले. पुढे आरसा. फोन मी काढू दिला नाही. फोन चेहरा आपल्याला न विचारता गुळगुळीत करतो. तसे कॅमेरे आधीही फारसे आपल्या बाजूचे नव्हते म्हणा. रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळा रंग जुळवायला एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड वापरत, कोडॅकच्या त्या कार्डाला 'शर्ली' म्हणत. शर्लीचे गाल बरोबर आले की छपाई बरोबर. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मी कुठे भुरकट आहे, कुठे पिठात बुडवल्यासारखी, आणि फोटोग्राफरने ते कौतुकाने दाखवलं होतं, बघा, कशी उजळ काढली.

"डोळे मीट. उघड. कापडाकडे नको बघूस, तोंडाकडे बघ."

पिस्ता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि ओठांभोवतीची कड ठळक झाली. बाकीचा चेहरा धुरकट. फिका आकाशी, तेच, वर थोडा थकवा. आमच्या घरात दाखवायला गडद असं दुसरं काही नव्हतंच, म्हणून तिने ते बोचकं सोडलं.

आत अष्टपुत्री होती. लग्नात मामाकडून येते ती पिवळी साडी, लाल काठाची. आमच्याकडे मुलगी गोरी असो, काळी असो, गौरीहाराला ती पिवळ्यातच बसते. सावळ्याने पिवळं घालू नये म्हणणारी आई भावाने आणलेल्या त्या पिवळ्याधमक साडीवर अक्षर बोलली नव्हती, शास्त्र असतं ते. अल्बमबाहेरचा एकच फोटो माझ्याकडे आहे, मावसभावाने हॉलच्या दारात त्याच्या साध्या कॅमेऱ्याने काढलेला. त्यात मी अष्टपुत्रीत आहे आणि इतकी बरी दिसतेय की वर्षानुवर्षं ज्याला त्याला मी तोच दाखवलाय. आईचं त्यावरचं म्हणणं ठरलेलं, "लग्नाचं तेज असतं बाई अंगावर."

भाचीने घडी न मोडता तिचा एक पदर माझ्या गळ्याशी धरला. पंचवीस वर्षं बांधून ठेवलेली, घडीवर विरायला आलेली, डांबरगोळ्यांच्या वासाची हळदीपिवळी साडी. डोळे उघडले. वर्तुळं होतीच, एकोणपन्नासाव्या वर्षी ती कुठे जाणार, पण मागे सरकली होती. ओठांची कड गालात मिसळली होती. मी तसूभरही उजळ झाले नव्हते. उलट पिस्त्यापेक्षा जरा सावळीच दिसत होते, आणि चेहरा दिसत होता. तेज कशाचं म्हणायचं आता, लग्न तर जुनं झालं.

मग शेजारणीकडून उसन्या आणून आम्ही बसलोच. आमसुली चालला, विटकरी चालला, मोरपंखी चालला, बाटलीसारखा गडद हिरवा फारच. राणी नाही चालला, जांभळा नाही. आईच्या नियमांतला तेवढा एक खरा निघाला, पण कारण वेगळं. शेजारीण माझ्याइतकीच सावळी आहे, तिला जांभळा झकास दिसतो आणि मोहरी दिला तर ती मलेरियातून उठल्यासारखी दिसते. तिने ते मोठ्या मनाने मान्य केलं आणि चहाही केला.

पुढच्या आठवड्यात नव्या भाड्याच्या घरातून दादरला गेले. आईला घेऊन, कारण तिला न घेता साडी आणली तर ती महिनाभर बोलते. विक्रेता तरुण होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काकूंना लाइटमध्ये दाखवू?" ताईची काकू झाले, लाइट तेच. मी मोहरी मागितली. आई स्टुलावरून म्हणाली, "यातच जरा फिका नाही का?" नव्हता. घेतली. आई काही बोलली नाही, पण पिशवी स्वतःच्या हातात ठेवली.

मॅचिंग सेंटर अजून आहे, काउंटरवर आता मुलगा बसतो. मोहरीला ब्लाउज आमसुली हवा होता. त्याने चार गठ्ठे काढले. आत एलईडीचा पांढराफटक उजेड, चारही सारखे दिसत होते. आई शहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, तरी कापड आणि साडी घेऊन पायरीपर्यंत गेलीच. तिने तुकडा साडीच्या काठाला लावला. मान हलवली. दुसरा लावला. मग माझा हात धरून ओढला आणि तो तुकडा माझ्या मनगटावर ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"निळी झाक आहे यात," ती आत ओरडून म्हणाली. "हिला पिवळीवरचा लागेल."

पोराने फडताळाकडे बघितलं. "संपलाय, आजी. उद्या येईल माल. पण अकराच्या आत या, दुपारी समोरच्या इमारतीची सावली येते दारात."